'सोड' असं का म्हणत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "मॅडम, माणूस एवढ्या लांबून तुमच्याकडं आणायचा आणि तुम्ही त्याला नुसतं विचारत बसायचं. एकदा खडसावून 'दारू सोड' म्हणायला काय होतं?" बायका विचारतात, सरपंच विचारतात, माझा सख्खा भाऊही विचारतो.

म्हणून बघितलंय. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात पहिली चार वर्षं तेच केलं.

बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड कामगार. दसऱ्यानंतर कारखान्यावर निघायच्या आधी बायकोनं त्याला आणला, सोबत सहा वर्षांची लेक. मी लिव्हरचं चित्र दाखवलं, मुकादमाच्या उचलीतले किती पैसे गुत्त्यावर गेले ते कागदावर मांडलं. प्रत्येक वाक्याला "व्हय मॅडम." मग मी त्याला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तेल चोपडलेलं डोकं, लाल रिबिनी आणि त्यावर त्याचा थरथरणारा हात. मला वाटलं, पश्चात्ताप झालाय. तो सकाळपासून प्यायला नव्हता, हे आज कळतं. रोज पिणारा एकदम थांबला तर फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा, एवढंही मी बोलले नाही.

शपथ पंधरा दिवसांत मोडली. त्याच सुमारास फडावर लेकीला ताप आला. "माझ्यामुळंच झालं" म्हणून हा तिच्याजवळ जाईना, कोपीच्या बाहेर झोपायला लागला, पिणं दुप्पट झालं. पोरगी बरी झाली. उन्हाळ्यात बायको एकटीच आली. म्हणाली, "शपथ घातली नसती तर लेकराला जवळ तरी घेतलं असतं."

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे उपदेश न करता विचारत विचारत बदलायचं कारण माणसाच्याच तोंडून काढणं, मी त्यानंतर शिकले. दारूच्या रुग्णांसोबत काम करताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली. माणसाला सोडायचीही असते आणि नसतेही. आपण 'सोड'ची बाजू धरली की उरलेली बाजू तो धरतो, आणि स्वतःचंच बोलणं ऐकत पक्का होतो. म्हणून मी विचारते, "शून्य ते दहात सोडायचं किती मनात आहे?" तो म्हणतो, तीन. "तीनच?" असं मी म्हणत नाही. "शून्य का नाही?" म्हणते. मग कधीतरी येतं, "रातच्याला पोरगं भिऊन आजीकडं पळतंय." ते वाक्य मी त्याला परत ऐकवते आणि गप्प बसते. दिवसभरात तेवढं गप्प बसणं मला सगळ्यात जड जातं.

तुम्ही म्हणाल, तोवर घरी मार कोण खातं? खरं आहे. जिवावर बेतलं असेल तिथं मी वाट बघत नाही, आधी बाईला आणि लेकरांना बाहेर काढायचं बघते. पण त्याच्या अलीकडची किती घरं असतात! माझ्यातली जुनी समुपदेशक अजून भांडते, "मी निदान काहीतरी करत होते." तिला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडं नाही. कितीतरी माणसं आठवर पोचूनही पुन्हा प्यायली आहेत.

गेल्या दिवाळीला त्या ऊसतोड कामगाराची बायको बाजारात भेटली. लेक आठवीत आहे, वसतिगृहात राहते. त्याचं विचारायला माझी जीभ रेटली नाही.