खडकमाळ आळीतले उमाजी नाईक

"हा दरोडेखोर होता ना?" पुण्याच्या खडकमाळ आळीतल्या जुन्या मामलेदार कचेरीत उमाजी नाईकांच्या स्मारकापाशी आज एकाने सहज विचारलं. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

उमाजी रामोशी. रामोशी म्हणजे गडकोटांचे राखणदार. ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य आलं आणि पिढ्यानपिढ्यांचे हक्क, वतनं गेली. पुरंदरच्या पायथ्याचे, भिवडीचे उमाजी उठले ते त्यासाठी. १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामाच काढला: इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका. दरोडेखोर असं कधी सांगतो का हो?

१८३२ साली याच कचेरीत त्यांना फाशी दिली. १८५७ ला अजून पंचवीस वर्षं होती!

इंग्रजांच्या कागदांत ते दरोडेखोरच राहणार. पण आपल्या तोंडी अजून तोच शब्द का?