वर्ल्ड रिलिजन्सचा पेपर घेताय? मग त्या टेबलवर थांबू नका

जगातल्या धर्मांची ओळख करून देणारा कॉलेजचा कुठलाही कोर्स घ्या, त्यात एक टेबल असतंच. डावीकडे धर्मांची नावं आणि वर रकाने, संस्थापक कोण, ग्रंथ कुठला, देव कोणता, प्रार्थनास्थळ, सण, अनुयायी किती. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे तेवढंच पाठ करतात, मार्क पण मिळतात, आणि मग बऱ्याच जणांना वाटतं की झाला विषय. मी हा कोर्स करून आता बराच काळ लोटला, नंतरही या विषयावर जमेल तसं वाचत राहिले, आणि ज्यांनी नुकताच हा पेपर घेतलाय त्यांना माझं अगदी मनापासून सांगणं आहे की या टेबलमध्ये जिथे जिथे माहिती बसत नाही ना, तिथे तिथे थांबा, खरा विषय तिथेच सुरू होतो.

आता बघा, ख्रिश्चन धर्म त्या रकान्यांत बरोब्बर बसतो. येशू, बायबल, एक देव, चर्च, ख्रिसमस. बसणारच, कारण हे रकाने ज्यांनी पाडले ते लोक ख्रिश्चन देशांतच वाढलेले होते. पुढे हिंदू धर्माच्या ओळीत आलं की संस्थापकाचा रकाना रिकामा, जपानमधल्या शिंतो धर्माचंही तेच. बौद्ध धर्मात विश्व निर्माण करणारा देव नाही, देवता आहेत पण त्याही जन्ममरणाच्या फेऱ्यातच अडकलेल्या, मग 'देव' खाली लिहायचं काय? आणि अनुयायांचा आकडा तर विचारूच नका. जपानमध्ये धार्मिक संस्था आपापल्या सदस्यांचे जे आकडे देतात त्यांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त होते, कारण तोच माणूस शिंतो देवस्थानाच्या हिशोबात पण धरला जातो आणि बौद्ध मंदिराच्या पण, आणि त्या माणसाला त्यात काहीच अडचण वाटत नाही. पुस्तकातला तो रंगीत पाय चार्ट बघताना हे लक्षात ठेवा, एका माणसाचा एकच धर्म असतो हे त्यात आधीच धरून चाललेलं असतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'ग्रंथ' या रकान्याने. तिथे सगळ्यांसमोर काहीतरी लिहिलेलं असतं, ज्यूंची तोरा, बायबल, कुराण, बौद्धांचं त्रिपिटक, गुरु ग्रंथ साहिब, त्यामुळे वाटतं की या सगळ्या एकाच जातीच्या वस्तू आहेत. अजिबात नाहीत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वाचली जाणारी तोराची गुंडाळी आजही हाताने लिहितात, एक अक्षर जरी चुकलं तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. गुरु ग्रंथ साहिबची पहिली रचना गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये पूर्ण केली, आणि १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी सांगितलं की आता माझ्यानंतर माणूस गुरु नाही, हा ग्रंथच गुरु. म्हणून गुरुद्वारात त्याला सिंहासन असतं, वर छत्र असतं, रात्री सन्मानाने विश्रांतीच्या जागी नेतात. त्याच्या १४३० पानांत शिखांच्या गुरूंबरोबर कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद हे मुस्लिम सूफी आहेत आणि आपले नामदेवही आहेत. हे सगळं 'पवित्र ग्रंथ' या दोन शब्दांत कसं मावणार?

आणि कुराणाचं अजून वेगळं. मुसलमानांसाठी कुराण म्हणजे प्रत्यक्ष अल्लाहचे शब्द, ते ऐकायचं आणि म्हणायचं असतं, म्हणून संपूर्ण कुराण मुखोद्गत असलेल्यांना इतका मान. ख्रिश्चनांसाठी मात्र देवाचा शब्द माणूस होऊन आला तो येशू, बायबल त्याची साक्ष देतं. म्हणून धर्मांचा तौलनिक अभ्यास करणारे बरेच जण म्हणतात की कुराणाची तुलना बायबलशी करण्यापेक्षा येशूशी करा, ती जास्त बरोबर होईल. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलंच नाही. टेबलमध्ये जे दोन शब्द एकाच रकान्यात एकाखाली एक होते ते श्रद्धेच्या दृष्टीने एका जागेवर नव्हतेच!

बरं, बायबल म्हणजे तरी किती पुस्तकं? प्रोटेस्टंट ६६ सांगतील, कॅथलिक ७३, आणि इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च ८१. तिघेही खरंच सांगतायत. म्हणजे 'ख्रिश्चन लोक असं मानतात' असं वाक्य लिहायच्या आधी कुठल्या पंथाचे, कधीचे आणि कुठे राहणारे हे विचारावंच लागतं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम तर असाइनमेंटमध्ये 'सगळे' शब्द दिसला की लाल पेनने गोल करायच्या आणि समोर एकच लिहायच्या, 'सगळे?' तेव्हा वैताग यायचा, आज वाटतं की अख्ख्या कोर्सचा अर्क त्या एका प्रश्नचिन्हात होता.

ज्यांच्याकडे पुस्तकच नाही त्यांचं काय? पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची इफा परंपरा घ्या. तिच्यात २५६ ओडू आहेत, म्हणजे ज्ञानाचे मोठे मोठे विभाग, प्रत्येकात असंख्य पदं, आणि हे सगळं तोंडी. बाबालावो म्हणजे या विद्येचे जाणकार, ते वर्षानुवर्षं गुरूजवळ बसून हे शिकतात. गुलामांच्या व्यापारात ज्यांना पकडून नेलं त्यांनी ही परंपरा मनात सांभाळून क्युबा आणि ब्राझीलपर्यंत नेली, अंगावरचं सगळं हिसकावून घेतलं तरी ही घेता आली नाही. आणि आपल्या टेक्स्टबुकमध्ये अशा सगळ्या परंपरा मिळून एक शेवटचा छोटा चॅप्टर, जो सेमिस्टर संपत आल्यामुळे बहुतेक वेळा राहूनच जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं. तुमच्या सिलॅबसमध्ये तो चॅप्टर असेल तर तो सगळ्यात आधी वाचा असं मी म्हणेन.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. भाषांचे जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी १८७० मध्ये लंडनमध्ये धर्मांच्या शास्त्रावर व्याख्यानं दिली आणि भाषांबद्दल जर्मन कवी गटेने जे म्हटलं होतं ते धर्मांना लावलं, की ज्याला एकच माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. मग त्यांच्या संपादनाखाली 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' ही मालिका निघाली, १८७९ ते १९१०, तब्बल ५० खंड, उपनिषदं, धम्मपद, कुराण, पारशांचा अवेस्ता, जैन सूत्रं, चिनी ग्रंथ, सगळं इंग्रजीत. काम प्रचंड आहे आणि मला त्याबद्दल आदरच आहे. पण त्यातून एक सवय लागली ती अशी की धर्म समजायचा तर त्याचं जुनं पुस्तक उघडायचं, आणि आज जी माणसं तो धर्म जगतायत, त्यातल्या बायका, गरीब, ज्यांना तो ग्रंथ वाचताच येत नाही असे लोक, ते काय करतात हे नंतर कधीतरी बघू. ते नंतर फार उशिरा आलं.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर माझे मित्रमैत्रिणी माझ्याशी भांडतात. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य. त्यामागची भावना चांगली असते हे मला मान्य आहे, भांडणं नकोत म्हणून लोक तसं म्हणतात. पण अभ्यास करताना हे वाक्य बाजूला ठेवावंच लागतं. येशूला क्रुसावर मारलं गेलं हा ख्रिश्चन श्रद्धेचा गाभा आहे, आणि कुराणात येशूला मोठा पैगंबर मानलंय, त्याची आई मरियम हिच्या नावाची एक अख्खी सूरा, म्हणजे अध्याय, आहे, पण त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही असंही स्पष्ट म्हटलंय. बुद्ध आणि महावीर साधारण एकाच काळातले, एकाच गंगेच्या खोऱ्यात फिरलेले, दोघांनीही अहिंसा सांगितली, आणि तरी जैन म्हणतात प्रत्येक जीवाला स्वतंत्र आत्मा आहे आणि बौद्ध म्हणतात कायम टिकणारा आत्मा नाहीच. हा फरक किरकोळ नाही. यावर माणसांनी शतकानुशतकं डोकं लावलंय, घरदार सोडलंय, ग्रंथ लिहिलेत, आणि आपण येऊन एका वाक्यात सांगायचं की तुम्ही सगळे एकच बोलत होतात? मला ते त्यांचा मान राखल्यासारखं वाटत नाही.

तुलना करायचीच तर एक छोटी ठोस गोष्ट धरावी. माझी सगळ्यात आवडती म्हणजे कॅलेंडर. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवस कमी. हा प्रश्न आकाशाने सगळ्यांना सारखाच घातलाय, उत्तरं बघा किती वेगळी. ज्यू कॅलेंडर १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना टाकतं म्हणून त्यांचा पासोवर हा सण वसंतातच येतो, आपल्याला अधिक महिना माहीत आहे त्यामुळे हे लगेच कळतं. कुराणात महिने बाराच असं सांगितलंय, जादा महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो, म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात हिवाळ्यातले छोटे रोजे पण येतात आणि उन्हाळ्यातले लांबलचक पण. ईस्टरमध्ये तर सूर्य, चंद्र आणि आठवड्याचा वार तिन्हींचा मेळ आहे, वसंत संपात म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, त्यानंतरची पौर्णिमा आणि त्यानंतरचा रविवार. एवढ्या एका गोष्टीतून नियम, कथा, शेती, उपवास, सत्ता कोणाच्या हातात, किती काय काय दिसायला लागतं. निनियन स्मार्ट नावाचे अभ्यासक होते, १९६७ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीत त्यांनी धर्म-अभ्यासाचा विभाग सुरू केला, त्यांनी धर्माकडे बघायच्या सात बाजू सांगितल्या, कर्मकांड, कथा, अनुभव, तत्त्वज्ञान, नीती, समाजरचना आणि वस्तू-वास्तू. एक सण घ्या आणि या सातही बाजूंनी बघा, एक सबंध असाइनमेंट तयार होतं.

तालमुद, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्याचं पान बघितलंय का कधी? मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितांचं भाष्य, दुसऱ्या बाजूला नंतरच्या पंडितांच्या शंका आणि वाद, म्हणजे एका पानावर कित्येक शतकांचे लोक एकमेकांशी बोलतायत. त्यात हिलेल आणि शम्माई या दोन पंथांच्या वादाची गोष्ट आहे. तीन वर्षं वाद चालला, शेवटी आकाशवाणी झाली की हे पण आणि ते पण जिवंत देवाचेच शब्द आहेत, पण नियम हिलेलच्या बाजूने. का? तर ते लोक नम्र होते आणि स्वतःचं मत सांगायच्या आधी शम्माईवाल्यांचं मत सांगायचे. हे वाचल्यावर मला आपल्याकडची शास्त्रार्थाची पद्धत आठवली, आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, समोरच्यालाही पटेल की हो हेच माझं म्हणणं आहे, आणि मगच आपलं. या दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण हा कोर्स करणाऱ्याला हीच शिस्त लागते.

कॅनडाचे धर्म-अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी याच्या जवळचंच म्हटलंय, एखाद्या धर्माबद्दलचं विधान त्या धर्माच्या लोकांना आपलं म्हणून ओळखता आलं पाहिजे. मला हा निकष फार मोलाचा वाटतो, पण पूर्ण पुरा पडतो असं वाटत नाही. कारण एका धर्मातले सगळे कधी एका मताचे असतात? देवळाचा पुजारी ओळखेल आणि ज्याला देवळाच्या बाहेर ठेवलं गेलं तो म्हणेल हे माझं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला तो प्रसंग पुस्तकात दोन ओळींत उरकतात, त्या दोन ओळी कोणाच्या बाजूने लिहिल्यात हे वाचताना बघा.

आणि मग येतो स्वतःच्या धर्माचा चॅप्टर. तो सगळ्यात अवघड जातो. तारखा बरोबर, नावं बरोबर, तरी वाचताना आत काहीतरी टोचतं की हे एवढंच नाहीये हो आमचं. ते टोचणं विसरू नका, कारण मागचे सगळे चॅप्टर वाचताना त्या त्या धर्माच्या कुणाला तरी अगदी असंच वाटलं असणार. वर्गात त्या धर्माचं कोणी बसलेलं असेल तर त्याला 'तुम्ही लोक असं का करता' विचारून सगळ्यांचा प्रतिनिधी करून टाकू नका, तो एकटा आहे, त्याने काही ठेका घेतलेला नाही. त्याच्या घरी काय करतात ते विचारा, तेही त्याला सांगावंसं वाटलं तर.

कोणी म्हणतं कॉलेजात धर्म शिकवायचाच कशाला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतलं रोजचं धार्मिक बायबल वाचन घटनेविरुद्ध ठरवलं, पण त्याच निकालात असंही म्हटलं की धर्मांच्या तुलनेचा किंवा इतिहासाचा अभ्यास केल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही असं म्हणता येईल. श्रद्धा शिकवणं वेगळं आणि श्रद्धेबद्दल शिकवणं वेगळं. मला तरी हा फरक पटतो, आणि श्रद्धा असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही एका बाकावर बसता येतं ते यामुळेच.

शेवटच्या पेपरसाठी विषय निवडताय ना, तर 'बौद्ध धर्मातली शांतता' किंवा 'इस्लाममधली स्त्री' असं आभाळाएवढं काही घेऊ नका, त्यात 'सगळे' आल्याशिवाय राहतच नाही. इथिओपियाच्या बायबलमध्ये जास्तीची पुस्तकं कुठली ते घ्या, नामदेवांची पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये कुठल्या रागांत लावलीत ते बघा, बहाई कॅलेंडरमध्ये १९ दिवसांचे १९ महिने आणि वर उरलेल्या दिवसांचं काय करतात ते शोधा. मूळ मजकुराचा थोडा तरी भाग भाषांतरात का होईना स्वतः वाचा, जमलं तर त्या परंपरेतल्या एका माणसाशी बोला, आणि लिहून झालं की तो पेपर त्याला वाचायला द्या, सबमिट करायच्या आधी.