दुसरी चावी

लेथच्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या मशीनच्या, चकमध्ये (तुकडा घट्ट पकडणाऱ्या फिरत्या भागात) तो आवळायची चावी तशीच राहिली आणि मशीन चालू केलं तर काय होतं, हे आमच्या तुकडीने पहिल्या वर्षाच्या तिसऱ्याच आठवड्यात पाहिलं. चावी सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर आदळली. कुणाला लागलं नाही. लेथवरचा मित्र पांढराफटक पडला होता. बाकी वर्गाने तेवढ्यात एकमुखाने निकाल देऊन टाकला: निष्काळजीपणा.

सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुसला. वर्षभरात कुणाच्या रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला तर पान फाडीन, म्हणाले. "तो विसरला, हे कळलं मला. मशीनने त्याला विसरू कसं दिलं, ते लिहा."

उपाय सुचवा म्हटल्यावर मी मोठ्या तोऱ्यात उभा राहिलो आणि लेथवर हातमोजे सक्तीचे करा म्हणून सांगितलं. फिरत्या चकने मोज्याचं टोक पकडलं की मागोमाग हातही जातो, म्हणून फिरत्या मशीनवर मोजे घालायचेच नसतात, हे मला ठाऊक नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांनी पाच पायऱ्या काढल्या: धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा, तेही नाही तर मशीनलाच आडकाठी करा, मग नियम आणि पाट्या, आणि अगदी शेवटी गॉगल, बूट, हेल्मेट. आम्ही मुलं दरवेळी पाचव्या पायरीपासून सुरुवात करायचो. खरं सांगायचं तर आजही बहुतेक मालक तिथूनच करतात, कारण ती पायरी दुकानात तयार मिळते.

उद्योजकता हा आम्हाला वेगळा विषय होता. त्यात तीस पानांचा प्रकल्प अहवाल लिहावा लागे आणि आम्ही आदल्या वर्षीच्या मुलांचे आकडे इमानेइतबारे उतरवून काढत असू. हा आणि वर्कशॉपमधल्या सुरक्षेचा, दोन्ही विषय सरांकडेच होते. त्यांनी दोन्ही तास जोडून टाकले आणि वर्कशॉपच्या दाराशी एक वही टांगली. तिला आम्ही 'थोडक्यात वही' म्हणायचो. थोडक्यात वाचलो असं जे काही घडेल, ते नाव न लिहिता त्यात टाकायचं. विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख या अमेरिकन माणसाने 1931 साली मांडलेलं 1, 29 आणि 300 हे प्रमाण (एक गंभीर अपघात, एकोणतीस किरकोळ, तीनशे नुसतेच हुकलेले) सरांनी सांगितलं, आणि पुढे त्यावर बरेच आक्षेप घेतले गेले आहेत, तेव्हा आकडे पाठ करू नका, असंही बजावलं. वही मात्र भरा, म्हणाले. धंद्याला आधी गरज शोधावी लागते, आणि ती इथे फुकटात लिहून मिळते.

चकच्या चावीचा प्रश्न आमच्या चौघांच्या गटाने घेतला. चावीला स्प्रिंग लावायची, म्हणजे हात सुटला की ती आपोआप बाहेर पडेल. दोन आठवडे खपून नमुना केला. तेव्हा कळलं की अशी चावी बाजारात केव्हाचीच मिळते. सरांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मला त्यांच्यावर तेव्हा आलेला राग अजून आठवतो. "आधी शोधायचं, मग शोध लावायचा," एवढंच बोलून त्यांनी आम्हाला तासभर वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभं केलं. बोलायचं नाही, कुणाचा हात कुठे जातो तेवढं लिहायचं. तिथे दिसलं की स्प्रिंगची चावी आवळताना सतत दाबून धरावी लागते, म्हणून मुलं स्प्रिंगच काढून ठेवतात.

मग आम्ही चावीसाठी खोबण केली आणि तिच्यात स्विच बसवला. चावी खोबणीत असेल तरच लेथ चालू होणार. आम्ही भलतेच खूश. चौथ्या दिवशी खोबणीत कायमची एक दुसरी चावी बसलेली दिसली.

ज्याने ती ठेवली होती त्याला आता ओरडा बसणार, अशी आमची खात्री होती. सरांनी त्याला स्टुलावर बसवलं. "हा तुमचा पहिला खरा ग्राहक. विचारा त्याला." तो म्हणाला, खोबण पार टेलस्टॉकच्या, म्हणजे चकच्या समोरच्या, टोकाला आहे, प्रत्येक जॉबला (कापायच्या तुकड्याला) तीन-चार वेळा तिकडे कोण जाणार? खोबण आम्ही त्याच्या उजव्या हाताशी आणली. आठवड्याने दुसरी चावी त्याने स्वतःच टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, जमा केली.

त्या वर्षी सरांनी सांगितलेल्या गोष्टींतल्या दोन माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. पहिली जपानची. शिगेओ शिंगो यांनी 1961 साली एका कारखान्यात पाहिलं की स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असतात आणि कधी तरी एक राहून जाते. त्यांनी दोन्ही स्प्रिंगा आधी एका बशीत काढून घ्यायला लावल्या. बशीत काही उरलं, तर चूक तिथेच दिसली. या पद्धतीचं पहिलं नाव 'मूर्खपणा रोखणारी' अशा अर्थाचं होतं. एका कामगार बाईंना ते लागलं, म्हणून 'चूक रोखणारी' या अर्थाचं 'पोका-योके' हे नाव आलं. दुसरी स्टीव्ह गॅस या अमेरिकन संशोधकाची. बोट लागताच सुमारे पाच मिलिसेकंदात थांबणारी करवत त्यांनी 1999 मध्ये तयार केली. मोठ्या उत्पादकांनी ती घेतली नाही, म्हणून त्यांना स्वतःच कंपनी काढावी लागली. बोट जाणार एकाचं, पैसे देणार दुसरा. मग विकायचं कुणाला, यावर वर्गात दोन तास भांडण झालं. निकाल लागला नाही.

तो अजूनही लागलेला नाही. मी आता मशीनचे गार्ड, म्हणजे फिरत्या भागांवरची संरक्षक झाकणं, बनवतो. माझी पहिली ऑर्डर तपासणीच्या तोंडावर घाईघाईने आली होती. महिन्याभराने पाहायला गेलो तर इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडला की मशीन बंद करणारा स्विच, तारेने बांधून टाकलेला होता. मालकाला त्याचं काहीच वाटलं नाही, कागद पुरे झाले होते. मला मात्र खोबणीतली ती चावी आठवली. तार बांधणाऱ्या ऑपरेटरशेजारी स्टूल ओढून बसलो. बर, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कचरा, काढायला त्याला दर दहा मिनिटांनी गार्ड उघडावा लागत होता, आणि बिजागरी मी चुकीच्या बाजूला लावली होती. ती बदलायला तीन चकरा झाल्या. त्या चकरांचं बिल मी लावलं नाही. हे मात्र सरांना आवडलं नसतं. मेहनतीचे पैसे न मागणाऱ्याला ते 'समाजसेवक' म्हणायचे, आणि ते कौतुक नसायचं.

एक वही मीही दाराशी टांगली आहे. परवा नव्या मुलाने तिच्यात लिहिलं होतं की सेन्सरला लोहचुंबक चिकटवला की आपला गार्ड उघडा असतानाही मशीन चालतं. खाली नाव नव्हतं, पण अक्षर ओळखू येत होतं. लोहचुंबक माझ्याच टेबलाच्या खणातला होता.