तुम्ही विचारलेत म्हणून: अंथरूण कोणी घातले?

सदाशिव पेठेतल्या ज्या वाचनालयाच्या टेबलामागे मी सतरा वर्षे बसले, तेथे पावसाळा लागला की भयकादंबऱ्यांची मागणी वाढत असे, आणि पुस्तक चाळता चाळता कोणी ना कोणी हमखास विचारत असे, "ताई, यातली खरी घाबरवणारी कुठली? आणि एवढ्या वाचूनही तुम्हाला अजून भीती वाटते का हो?" पहिल्या प्रश्नाला कपाटाकडे बोट दाखवून सुटता येई. दुसऱ्याचे उत्तर मागे माणसे खोळंबलेली असताना देण्याजोगे नव्हते, ते आता सवडीने देते.

वाटते, पण भुताची नव्हे. आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ या सगळ्यांचे पत्ते आणि स्वभाव ठरलेले आहेत, आणि ज्याचा पत्ता ठाऊक आहे त्याला वाट वाकडी करून टाळता येते किंवा नारळ देऊन शांत करता येते. रक्तामांसाचा चिखल करणाऱ्या कादंबऱ्यांची मला किळस येते, भीती वाटत नाही. भयानक आणि बीभत्स हे दोन निराळे रस मानून, एकाचा स्थायीभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, असे नाट्यशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. पुष्कळ लेखक दुसरा रस वाढतात आणि पैसे मात्र पहिल्याचे घेतात.

मला धडकी भरते ती घरातला साधा हिशेब जुळेनासा झाला की. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ घ्या. लोकांच्या लक्षात राहतात ते सुळे, आणि आरशात न दिसणारा तो सरदार. मी मात्र दरवेळी थांबते ती एका घरगुती प्रसंगापाशी. गडावर पाहुणा म्हणून राहिलेला तरुण वकील आपल्या खोलीकडे परततो, तर यजमान स्वतः त्याचे अंथरूण घालत असलेला त्याला दिसतो, आणि थोड्या वेळाने दाराच्या बिजागरीच्या फटीतून पाहावे तर तोच जेवणाचे टेबल मांडतो आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या वास्तूत नोकर एकही नाही. मग त्या रात्री आपल्याला डोंगरातून येथवर आणणारा, नुसता हात उचलून लांडग्यांना मागे हटवणारा गाडीवान कोण होता? त्या पानावर कोणी मरत नाही, कोणी किंचाळत नाही, फक्त चादर नीट केली जाते, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये तर नुसता एक हात आहे. अंधारात नायिका शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली असते, दिवा लागतो, तेव्हा मैत्रीण पलीकडच्या पलंगावर असते. लेखिका याचा खुलासा करीत नाही. केला असता तर हिशेब मिटला असता.

आपल्याकडचे भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथा, म्हणजे अमानवी शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथा, मी आवडीने वाचते, पण त्या वाचून मला झोप उत्तम लागते, कारण समर्थ येणार आणि बाकी चुकती करणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. धारपांच्या ज्या कथांत असा कोणी येत नाही, त्या मी दिवसाच वाचते.

अर्थात हिशेब चुकायचा तर आधी तो मांडावा लागतो, आणि म्हणूनच चांगली भयकादंबरी सुरुवातीला रेंगाळते. कोण कोठे झोपते, कोणते दार करकरते, सकाळचा चहा कोण करते, हे सारे लेखकाने आपल्या अंगवळणी पाडावे लागते. "काहीच घडत नाही हो," अशी तक्रार करून पन्नासाव्या पानावर पुस्तक परत करणारे वाचक नेमके वसुलीच्या आधी उठून जात. वाचनालयाच्या जुन्या प्रतींत मला एक गंमत दिसे: चहाचे डाग पहिल्या शंभर पानांत असत, पुढे विरळ होत. कपाकडे हात जात नसावा.

माझ्या म्हणण्याला एक अपवाद आहे. स्टीफन किंग यांच्या १९८३ सालच्या ‘पेट सेमेटरी’त सगळा हिशेब जुळतो. मेलेले मांजर तिथल्या एका शापित जागेत पुरले तर ते जिवंत होऊन कोणत्या अवस्थेत परत येते हे त्या बापाने पाहिलेले असते, तरी पोटचे मूल गेल्यावर तो काय करणार हे आपल्याला आधीच कळते. त्याच्या जागी आपणही तेच केले असते, हे मनाशी कबूल करताना जे वाटते त्याला भीतीपेक्षा वेगळा शब्द हवा.

बाविसाव्या वर्षी नारायण पेठेतल्या वाड्यात मी त्या अंधारातल्या हाताचे प्रकरण रात्री वाचले आणि पुस्तक उशाखाली सारून पांघरुणात गेले ती उजाडेपर्यंत बाहेर आले नाही. घरात आई आणि मी, दोघीच. सकाळी केस विंचरता विंचरता तिने विचारले, "रात्री पाणी प्यायला तूच उठली होतीस ना? फुलपात्राचा आवाज आला." मी "हो" म्हणाले. स्वयंपाकघरात गेले, तर एरवी माठावर पालथे असणारे फुलपात्र उताणे होते. मी ते पालथे घातले आणि चहाचे आधण ठेवले.