आमची वाटचाल: खुर्ची दिल्यानंतरचं वर्ष

चालण्या-बसण्याची साधनं बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक झिजलेली लोखंडी कडी ठेवली आहे. ती ताईच्या कॅलिपरची. ताईला लहानपणी पोलिओ झाला आणि तेव्हापासून उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी चौकट, आलं. कॅलिपरच्या गुडघ्यापाशी अशी कडी असते. माणूस उभं राहिलं की ती खाली सरकते आणि सांधा अडवते, म्हणून पाय वाकत नाही. बसताना ती हाताने वर उचलायची. ही कडी झिजली आणि चालता चालता ताईचा गुडघा दुमडू लागला. जिथे कॅलिपर केलं होतं तिथे दुरुस्तीसाठी दोन महिने थांबायला सांगितलं. दोन महिने ताई घराबाहेर पडली नाही.

मी तेव्हा वेल्डिंगची कामं करायचो, फाटकं आणि जिन्याचे कठडे. लेथवर कडी घडवून पाहिली. पहिली घट्ट झाली, सरकेचना. दुसरी सैल झाली आणि ताई पडली. तिसरी बसली. आमचा व्यवसाय तिथून सुरू झाला.

सुरुवातीला लोक आणायचे ते सगळं दुरुस्तीचंच: कुबड्यांचे रबरी बूच, वॉकरचे पाय, तुटलेले पट्टे. मला लोखंड कळत होतं, शरीर कळत नव्हतं. एका आजोबांची कुबडी मी त्यांच्या सांगण्यावरून उंच करून दिली. काही दिवसांनी त्यांच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतून तिथल्या नसा दाबल्या जात होत्या. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं आणि भार तळहातांवर यायला हवा, हे मला त्यानंतर समजलं. मग मी शिकलेला माणूस शोधला. एक ऑर्थोटिस्ट, म्हणजे शरीराला आधार देणारी साधनं करणारे तज्ज्ञ, आमच्यात आले आणि पुढे आठवड्यातून तीन दिवस एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. त्यांच्या तपासणीशिवाय आता आमच्याकडे मापसुद्धा घेतलं जात नाही.

आमचं जास्तीत जास्त काम एएफओचं, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणाऱ्या प्लास्टिकच्या स्प्लिंटचं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलांना आणि पक्षाघातानंतर पाऊल लोंबणाऱ्यांना तो लागतो. पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करायची, हाडं जिथे वर येतात तिथे थोडी भर घालायची, मग पॉलिप्रॉपिलीनचा तापवलेला पत्रा तिच्यावर चढवून हवा ओढून घ्यायची. इथवर कारागिरी. खरी परीक्षा त्यापुढे असते. स्प्लिंट घालून अर्धा तास चालवायचं, काढायचं आणि कातडीवरचे लाल डाग पाहायचे. वीस-तीस मिनिटांत डाग गेला नाही तर तिथे प्लास्टिक टोचतंय, पुन्हा घासायचं. आणि मूल वाढतं. आज नीट बसलेला एएफओ वर्षभरात लहान होतो, कधी त्याआधीच.

म्हणजे पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि गरजूंसाठी आमचा मदतीचा निधी सुरू झाला तो याच कारणाने. माप देऊन गेलेले काही पालक वस्तू न्यायला येतच नसत. आम्हाला वाटायचं, किंमत जड जात असेल. विचारल्यावर कळलं की किमतीपेक्षा प्रवास जड होता. उचलून आणायला सोबत एक माणूस, त्याचा बुडालेला रोज, गाडीभाडं, आणि हे एकदा नाही, दर आठवड्याच्या थेरपीला. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीर सर्वांत जास्त परत मिळवतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातला कमावता माणूस खाटेवर असतो. पुनर्वसन परवडायला हवं असं आपण म्हणतो, तेव्हा हा सगळा हिशेब त्यात धरायला हवा.

आमची सर्वांत मोठी चूक इथे लिहायलाच हवी. एका देणगीदारांनी एकाच वेळी वीस व्हीलचेअरचे पैसे दिले. आम्ही वीस सारख्या खुर्च्या जोडल्या आणि एका दिवसात वाटल्या. सात-आठ महिन्यांनी आमच्या थेरपिस्ट काही घरी जाऊन आल्या. एका घरात खुर्ची दारातून आत जात नव्हती. एका मुलीला ती इतकी रुंद होती की ती एका बाजूला कलून बसायची. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणाला बसण्याच्या जागी जखम झाली होती. त्याला कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे दुखलं नाही, कळलं नाही. आम्ही गादी दिली नव्हती, आणि दर थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून भार हलवायचा हेही कुणी शिकवलं नव्हतं. ती जखम भरायला कित्येक महिने लागले. तेवढे महिने तो पालथा पडून होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली व्हीलचेअर देण्याविषयी मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात आठ पायऱ्या आहेत: व्यक्तीला सेवेपर्यंत पोचवणं, तपासणी, खुर्चीची निवड, पैसा आणि मागणी, जुळवाजुळव, अंगाला बसवून पाहणं, वापरणाऱ्याला शिकवणं, आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा. पैसा त्यात चौथा. आम्ही चौथीवर उडी मारली होती आणि तिथेच थांबलो होतो.

त्यानंतर आम्ही एका वस्तूसाठी देणगी घेणं बंद केलं. आता देणगी एका माणसाच्या एका वर्षासाठी असते. त्यात वस्तू, थेरपी, प्रवास, मधल्या दुरुस्त्या आणि तीन-चार भेटी आल्या. साहजिकच तेवढ्याच पैशात कमी लोक बसतात. काही देणगीदारांना हे पटलं नाही. वीस खुर्च्यांऐवजी सहा माणसं, हा आकडा अहवालात छोटा दिसतो, हे मला कळतं. तरी मी त्यावर ठाम आहे.

वस्तू आम्हीच बनवणार आणि तिच्यासाठी मदतही आम्हीच मागणार, यात शंकेला जागा आहे. म्हणून निधी आमच्या खात्यात येत नाही, वेगळ्या न्यासाकडे जातो. कुणाला काय हवं हे थेरपिस्ट ठरवतात. निधीतल्या कामावर आम्ही नफा लावत नाही, आणि दुसऱ्या कार्यशाळेची वस्तू अधिक योग्य असेल तर तीच घेतली जाते. वाटपाचे फोटोही बंद केले. एका आईने मुलाला स्टेजवर न्यायला नकार दिला होता. तिच्या नकाराला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

घरच्यांनी थोडा वाटा उचलावा, मग वस्तूची किंमत राहते, असं पुष्कळजण सांगत. आम्ही एक वर्ष तसं केलं. लोक वस्तू जपायला लागले की नाही ते सांगता येणार नाही, पण दुरुस्तीला यायचे थांबले. येताना काही द्यावं लागेल या भीतीने तुटलेली वस्तू तशीच वापरत. आता ज्याला द्यायचं तो देतो, विचारलं जात नाही.

वीस खुर्च्या देणाऱ्या त्या देणगीदारांना मी त्या तरुणाची जखम, कलून बसणारी मुलगी, सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या वर्षी त्यांचा धनादेश आला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: टायर, बेअरिंग आणि गाद्यांसाठी. तेव्हापासून दर वर्षी तीच चिठ्ठी येते.