नोरकाठी, न दिसणाऱ्या शिंपल्यांसाठी

थॉमसटाउनहून इनिस्टीगकडे जाणारी नदीकाठची पायवाट धरली, तेव्हा रात्रभराचा पाऊस नुकताच थांबला होता. नोर गढूळ झाली होती. काठावरचे अल्डर आणि वाळुंज पाण्यात वाकलेले, गवत घोट्यापर्यंत ओलं.

आयर्लंडच्या आग्नेयेकडच्या नोर, बॅरो आणि शूर या नद्यांना तिथे ‘तिघी बहिणी’ म्हणतात. नोर आणि शूर उगम पावतात त्या टिपररीतल्या डेव्हिल्स बिट डोंगरात. नोर न्यू रॉसच्या वर बॅरोला मिळते, पुढे वॉटरफर्डजवळ शूरही येते आणि मग तिघी एकत्र समुद्राला जातात.

वळणावर निळी रेघ चमकून गेली. छोटा खंड्या! आपल्याकडच्या ओढ्यांवर दिसतो तोच, जातसुद्धा तीच. इतक्या दूर तो भेटला आणि मला फार बरं वाटलं. पाणमांजर मात्र दिसलं नाही. चिखलात पावलं तेवढी उमटलेली होती.

पण मी आले होते ते इथे दिसणारच नाही अशा जिवासाठी. वरच्या अंगाला, लीश आणि किलकेनी परगण्यांत, या नदीत मोत्याच्या शिंपल्याचा एक खास प्रकार राहतो. गोड्या पाण्यातला हा शिंपला एरवी चुना कमी असलेल्या पाण्यात वाढतो. नोर वाहते चुनखडीवरून, आणि तिच्या चुनखडी पाण्यात रुळलेला हा प्रकार जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्या अळ्या ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून हिवाळा काढतात, मग गळून पडतात आणि काही वर्षं तळाच्या खड्यांत पुरून घेतात. खड्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिलं तरच त्या जगतात. शेतांतून आणि खणलेल्या चरांतून येणारा गाळ याच फटी बुजवतो. म्हणून आज तिथे उरलेत ते म्हातारे शिंपलेच. गेल्या कित्येक दशकांत त्यांची पिल्लं तगलेली नाहीत. त्यांना वाचवण्यासाठी पिल्लं बंदिस्त जागेत वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण ती सोडायची कुठे, तर याच तळात.

हे वाचून आल्यामुळे सकाळचं ते गढूळ पाणी मला नुसतं पावसाचं वाटेना.

इनिस्टीगला दहा कमानींचा जुना दगडी पूल आहे. समुद्राची भरती इथवर पोचते. पुलाखाली उतरून मी काठाचा एक खडा उचलला. खालची बाजू मऊ, राखाडी गाळाने माखलेली होती. तो पाण्यात धुतला आणि होता तिथेच परत ठेवला.