हे हाताने रंगवलेलं आहे का?

माझ्याकडची जुनी सिनेमाची पोस्टर्स बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो. ‘छापलेलं आहे’ म्हटलं की चेहरा पडतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पोस्टर छापलेलंच असतं. गावोगावच्या भिंतींवर खळ लावून डकवायचं, तर प्रती ढिगाने लागणार. हाताने रंगवत ते थिएटरवरचे बॅनर. फोटोवर चौकटी आखायच्या आणि त्या कापडावर मोठ्या करत न्यायच्या. एम. एफ. हुसेन मुंबईत उमेदवारीच्या दिवसांत हेच करत. शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्र काढणारे कोल्हापूरचे जी. कांबळे हेही सिनेमाच्या पोस्टर-बॅनरांतलेच.

पण पोस्टर शिळाछापाचं असेल, तर माझं उत्तर थोडं बदलतं. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या शिळेवर कारागीर तेलकट खडूने चित्र काढी, तेही उलटं. मग शिळा ओली करायची. कोरी जागा पाणी धरते, तेलकट रेघ पाणी झिडकारते आणि शाई फक्त त्या रेघेलाच लागते. हा झाला एक रंग. पिवळ्याची शिळा वेगळी, लालाची वेगळी, निळ्याची वेगळी. म्हणजे नायिकेचा एकच गाल तुकड्यातुकड्यांनी चार-पाचदा काढायचा, आणि दर खेपेला कागद नेमक्या जागी बसवायचा. केसभर सरकला की ओठांची लाली हनुवटीवर! पुढे जड शिळांच्या जागी जस्ताचे पत्रे आले, पण खडू हातातच राहिला. मूळ चित्रकाराची सही तरी कधीकधी कोपऱ्यात सापडते. शिळेवर काढणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नसतं. मला चित्रकारापेक्षा त्याचंच कौतुक जास्त वाटतं.

आपल्याकडे ही विद्या सिनेमाच्या आधीपासून होती. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला, नंतर मळवलीला गेला. दादासाहेब फाळकेही सिनेमात येण्याआधी छपाईच्याच धंद्यात होते. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः केली. त्यांचं ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत धरतात.

नंतर ऑफसेट आलं. चित्राचे चार रंग कॅमेराच वेगळे करू लागला आणि चित्रकाराला हवं तसं रंगवायला मोकळीक मिळाली. दिवाकर करकरे यांचं ‘दीवार’चं (१९७५) पोस्टर बघा. सुरीने ओढलेले फटकारे हाताला लागतील असं वाटतं. बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. त्या काळातल्या निळ्या-हिरव्या चेहऱ्यांबद्दलही लोक विचारतात. चित्रकाराला नमुना म्हणून सिनेमाचे फोटो मिळत, आणि ते बरेचदा कृष्णधवल. रंग त्याच्या मनाचे. रस्त्यापलीकडून राग दिसायला हवा, एवढीच अट.

तुमच्याकडे एखादं पोस्टर असेल तर भिंग लावून बघा. शिळाछापात खडूची ओबडधोबड रवाळ खूण दिसेल, ऑफसेटमध्ये ओळीने बसलेले ठिपके. घड्याही तपासा. पोस्टर्स वितरकांकडे बहुतेक घडी घालूनच जात. पन्नास वर्षांचं म्हणून कुणी एकही घडी नसलेलं, कोरं करकरीत पोस्टर विकायला आणलं, तर पैसे काढण्याआधी भिंग काढा.